कंसातल्या नावाने आणलेली गर्दी

२०२३च्या ऑगस्टमध्ये राज्यभर तलाठी भरतीची परीक्षा सुरू होती. जागा ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांहून जास्त. आम्ही लोकांची संकेतस्थळं गूगलच्या शोधात वर आणायचं काम करतो. परीक्षेचा त्याच्याशी काही संबंध येईल हे ऑफिसात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या सकाळी अ‍ॅनॅलिटिक्स म्हणजे संकेतस्थळांवर येणाऱ्यांची मोजदाद उघडली, तर पुणे जिल्ह्यातल्या एका वकीलसाहेबांच्या संकेतस्थळाचा आलेख उभाच्या उभा चढलेला. एरवी दिवसभरात जेवढी माणसं यायची, त्याहून जास्त पहिला चहा होईपर्यंतच येऊन गेली होती.

आमच्या धंद्यात अशा वेळी आनंद होण्याआधी संशय येतो. बॉट, म्हणजे माणसाऐवजी पानं उघडणारा प्रोग्रॅम असणार, असंच मी धरून चालले. पण सगळे मोबाइलवरून आलेले. नांदेड, बीड, लातूर, जळगाव अशी गावं, आणि पानावर दोन-दोन मिनिटं थांबलेले. बॉट एवढं मन लावून वाचत नाही. आणि बहुतेक सगळे एकाच पानावर उतरले होते: ‘सातबारावर नाव कंसात असणे’.

हे पान कुठून आलं ते सांगायला हवं. वकीलसाहेब शेतजमिनीचीच कामं करतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. २००८च्या दुरुस्तीनंतर संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढं टाकता येतं. म्हणजे ‘पुण्यातले सर्वोत्तम वकील’ छापाची पानं आमच्यासाठी बंद, गूगलच्या जाहिरातीही बंद. आणि नुसत्या नावपत्त्याच्या पानाला दुसरं कोण कशाला लिंक देईल? लिंक नाहीत म्हणून गूगलला भरवसा नाही, भरवसा नाही म्हणून आमचं पान शोधाच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर पडून. म्हणून मी जमिनीच्या कागदांवरच्या शब्दांचा कोश करायचं सुचवलं. माहिती द्यायची, ‘आम्हाला फोन करा’ कुठेही लिहायचं नाही.

पहिली यादी मी, लोक गूगलवर काय शोधतात ते सांगणाऱ्या टूलमधून काढली. गुंठा, हेक्टर, फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद), सातबारा. गुंठ्याला शोध भरपूर, पण एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट हे गूगल वरच्यावरच सांगून टाकतं. आत कोण येतो? वकीलसाहेबांकडे एक निवृत्त तलाठी बसतात, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी यादी चष्म्याच्या वरून पाहिली आणि म्हणाले, “ताई, चावडीत माझ्याकडं कुणी ‘फेरफार म्हणजे काय’ विचारायला आलं नाही कधी. माणूस सातबारा टेबलावर आपटायचा अन्‌ म्हणायचा, भाऊसाहेब, माझ्या बापाचं नाव कंसात कुणी घातलं?”

टूलमध्ये ‘कंस’ टाकून पाहिलं. महिन्याचे शोध शून्य. तरी लिहिलं, कारण भाऊसाहेब बोलत होते ते तीसेक वर्षं ऐकलेलं होतं, आणि मराठीतल्या शोधांबद्दल ही टूलं मला कधीच खात्रीची वाटली नाहीत. जमीन विकली, वारस लागले, वाटणी झाली, की जुन्या खातेदाराच्या नावाला कंस करायचे आणि फेरफार क्रमांक घालायचा. २०२०मध्ये नमुना बदलला, कंसाऐवजी आडवी रेघ आली. पण लोकांच्या हातात जुने उतारे आहेतच. आम्ही एक नमुना सातबारा काढून दाखवला. त्यातला खातेदारही भाऊसाहेबांनीच जन्माला घातला: सखाराम धोंडू, विहिरीचा निम्मा हिस्सा, सोसायटीच्या कर्जाचा बोजा. नोंदीतलं प्रत्येक अक्षर ते तपासत. एकुमॅ (एकत्र कुटुंब मॅनेजर), अपाक (अज्ञान पालनकर्ता), पोटखराबा म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन, तिचे ‘अ’ आणि ‘ब’, असं करत कोश वाढला.

तर त्या दिवशी. मूळ शोधायला मी आमच्या नमुन्यातलं एक वाक्य अवतरण चिन्हांत घालून गूगलवर टाकलं. सखाराम धोंडू महाराष्ट्रभर पसरला होता! भरतीच्या क्लासवाल्यांच्या नोट्समध्ये, जिल्ह्याच्या बातम्या देणाऱ्या पोर्टलवर, विहिरीच्या निम्म्या हिश्श्यासकट. काहींनी प्रामाणिकपणे खाली आमची लिंक दिली होती आणि गर्दी तिथूनच येत होती. बाकीच्यांनी नुसतं उचललं होतं. मी दुपारभर बसून एकेकाला मेल लिहिले: मजकूर राहू द्या, फक्त जिथून घेतला त्या पानाची लिंक द्या. धमकीची भाषा वापरली नाही. चोरीला लिंकमध्ये बदलायचं असेल तर आधी चोराची लाज राखावी लागते. संध्याकाळपर्यंत बऱ्याच जणांनी दिली. एकाने तर उलट विचारलं, ‘पुढचा भाग कधी?’

चारच्या सुमारास वकीलसाहेबांचा फोन आला. आवाज चढलेला.

“अहो, सकाळपासून पोरं फोन करतायत. सर, नोट्सची पीडीएफ मिळेल का! मी काय क्लास काढलाय? ते पान काढून टाका.”

“साहेब, पान राहू द्या. नंबर फक्त संपर्काच्या पानावर ठेवू.”

“आणि गिऱ्हाईक?”

प्रश्न रास्त होता. कंसाच्या पानावर येणाऱ्यांत जमीन घेणारा क्वचितच असतो. जमीन घेणारा वेगळ्याच शब्दाला अडतो: ‘भोगवटादार वर्ग २’. व्यवहार ठरलेला, इसार दिलेला, आणि मग कुणीतरी सांगतं की सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ही जमीन विकताच येत नाही. असा माणूस रात्री अकराला वाचत बसतो आणि सकाळी वकील गाठतो. पण वर्ग २च्या पानाला लिंक देण्याचं कुणाला काही कारण नव्हतं. मग त्याच संध्याकाळी कंसाच्या पानात, फेरफाराचा उल्लेख येतो तिथेच, वर्ग २कडे आणि ‘खरेदीआधी कोणते कागद पाहावेत’ या पानाकडे जाणाऱ्या लिंक घातल्या. बाहेरच्या लिंकांमुळे गूगलकडे मिळालेलं वजन आतल्या पाटाने तिकडे वळवायचं, एवढाच डाव.

परीक्षा संपली तशी गर्दी ओसरली. लिंक मात्र राहिल्या. दिवाळीच्या आसपास ‘खरेदीआधी कोणते कागद’ हे पान गूगलच्या पहिल्या पानावर आलं, आणि येणाऱ्या पक्षकारांपैकी काही जण हातात वर्ग २च्या पानाची प्रिंट घेऊन येऊ लागले, शंका पेनने अधोरेखित केलेल्या. वकीलसाहेबांनी ‘पान काढा’ हे पुन्हा काढलं नाही. २०२४मध्ये तलाठ्याचं पद ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं, तेव्हा शीर्षकं बदलू या का, असं त्यांनीच विचारलं. मी शोधांची यादी दाखवली. लोक अजून ‘तलाठी’च टाइप करत होते. नवं नाव आत एकदा घातलं, शीर्षकात तलाठी ठेवला, आणि भाऊसाहेब यावर भलतेच खूश झाले.