आटे पूर्ण उघडे, पाणी मात्र अडलेलं

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात टाकीवरून मागच्या शेडकडे जाणारी जमिनीखालची लाइन दगा द्यायला लागली. नळ बंद असताना गेज पूर्ण दाब दाखवायचं, उघडला की धार बसायची. ठेकेदार म्हणाला, गळती आहे, खोदू. मला ते पटेना. व्हॉल्वचं म्हणाल तर फिटर मामा ठाम होते, "साहेब, एकेक चेंबर उघडून व्हॉल्वच्या स्पिंडलचे, म्हणजे फिरवायच्या दांड्याचे, आटे मोजलेत. सगळे फुल्ल ओपन."

खोदाईआधी प्रेशर वेव्ह टेस्ट करणाऱ्यांना बोलावलं. तत्त्व वॉटर हॅमरचंच. वाहतं पाणी झटक्यात अडवलं की दाबाची लाट मागे धावते. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्कीने १८९८ च्या सुमारास मॉस्कोत मांडलेल्या हिशोबाने लोखंडी पाइपात सेकंदाला १ मीटरचा वेग एकदम थांबवला, तर दाब साधारण १२ बारने उसळतो. जुन्या लाइनला एवढा दणका कोण देणार! वेगात ०.१ मीटरचा फरकही पुरतो.

टोकाच्या टॅपिंगवर, म्हणजे लाइनला काढलेल्या छोट्या जोडावर, बॉल व्हॉल्व आणि सेन्सर बसवला. पाणी चालू ठेवून हँडल हिसक्यात बंद. आधी पाणी वाहतं हवंच. थांबलेल्या पाण्यात अर्धवट मिटलेला व्हॉल्व लाटेला फारसा जाणवत नाही. लाटेचा वेगही पुस्तकातून उचलायचा नाही, कारण प्लॅस्टिकच्या पाइपात तो सेकंदाला ३००-४०० मीटरपर्यंत उतरतो. दुसऱ्या टॅपिंगवर सेन्सर लावून मोजला, आमचा सेकंदाला १२०० मीटर आला.

खरी मजा ग्राफ वाचण्यात. दाबाची चढती लाट गळतीवर किंवा फांदीवर आपटली की परत येताना ग्राफ खाली वळतो. वाट चिंचोळी असेल तर वर. पहिला खळगा दिसताच ठेकेदार खूश झाला, पण ड्रॉइंगवर तिथे कँटीनची टी, म्हणजे फांदीचा जोड होता. पुढे ०.३ सेकंदाला स्पष्ट उंचवटा. जाऊन-येऊन ३६० मीटर, म्हणजे १८० मीटरवर काहीतरी अडतंय.

टेप नेमका पेंट शॉपमागच्या चेंबरपाशी पोचला. मामांचा चेहरा पडला. त्यांनी पुन्हा स्पिंडल फिरवून दाखवला, अगदी मोकळा फिरत होता. लाइन बंद करून बॉनेट, म्हणजे व्हॉल्वचं वरचं झाकण, खोललं तेव्हा कळलं: स्पिंडलवरच्या नटाचे आटे झिजून पाणी अडवणारी पाटी, म्हणजे गेट, सुटलं होतं आणि खाली बसलं होतं. बाहेरून आटे मोजून हे कुणालाच कळलं नसतं.

व्हॉल्व बदलून पुन्हा टेस्ट घेतली. उंचवटा गेला, कँटीनचा खळगा तसाच राहिला. हा ग्राफ आता ड्रॉइंगच्या फाइलला लावलाय, पुढच्या वेळी ताडून बघायला.