गाडी गरम झाली की मिसिंग

थंड असताना माझ्या मोटरसायकलीत काही दोष आहे असं सांगून कुणाला पटलं नसतं. दुसऱ्या किकला चालू, आयडलिंग संथ, चढाला दम. वीसेक मिनिटं झाली की मात्र आधी एखादा ठोका चुकायचा, मग दोन-तीन, आणि शेवटी आचके देत, सायलेन्सरमधून फटाके फोडत गाडी बंद. 350 सीसीचं एकच सिलिंडर, 6 व्होल्टची बॅटरी, पॉइंटचं इग्निशन (पॉइंट म्हणजे धातूच्या दोन टिकल्या, त्या उघडल्या की प्लगला ठिणगी पडते). दोन सिलिंडर असते तर एकावर रखडत का होईना, घरी आलो असतो.

पहिल्यांदा प्लग काढला. कोरडा, काजळीने काळा. मी लगेच निकाल देऊन टाकला: पेट्रोल जास्त जातंय. हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर खोलला, जेट (पेट्रोलची बारीक भोकं) साफ केले, पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची उंची बघितली, नीडल (पेट्रोल कमी-जास्त करणारी सुई) एक खाच खाली घेतली, म्हणजे पेट्रोल कमी केलं. गाडी आणखी बिघडली. ठिणगी मरतुकडी असेल तरी पेट्रोल अर्धवट जळतं आणि प्लग काळाच होतो, हे मला माहीत होतं. पण कार्बोरेटर खोलायला मजा येते, त्यामुळे आठवलं नाही. वर मिश्रण पातळ केल्यावर ते पेटायला आणखी कठीण झालं.

मग जरा डोकं चालवलं. थ्रॉटलच्या मुठीवर पांढरी पट्टी चिकटवून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या. कार्बोरेटरचा दोष सहसा मुठीच्या एका ठरावीक जागी सापडतो: अगदी सुरुवातीला पायलट जेट, मधल्या भागात नीडल, पाऊणच्या पुढे मेन जेट. माझी गाडी तापली की पावला चुकायची, अर्ध्याला चुकायची आणि पूर्ण रेसलाही चुकायची. म्हणजे जेटचा प्रश्न नव्हता.

तरी पेट्रोलचा संशय जाईना. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं, तर आत पोकळी तयार होऊन पेट्रोल उतरेनासं होतं, आणि तेही असंच पंधरा-वीस मिनिटांनी. गाडी बंद पडल्यावर झाकण उघडलं. फुस्स ऐकू आल्यासारखं वाटलं. दोन किक, गाडी चालू! त्याच संध्याकाळी ड्रिल घेऊन झाकणाचं भोक मोठं केलं आणि शांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बंद. तेव्हा कुठे उजेड पडला. झाकण उघडायचं, आत वाकून बघायचं, कॉक (पेट्रोलची तोटी) तपासायचा, घाम पुसायचा, यात दहा मिनिटं जातात. तेवढ्यात इंजिन निवतं. गाडी थांबल्यामुळे चालू होत होती, झाकणाचा काही संबंध नव्हता.

पुढच्या वेळी दोन गोष्टी तयार ठेवल्या. बंद पडताक्षणी फ्लोट चेंबरच्या तळाचा स्क्रू सैल केला: पेट्रोल धो-धो. लगेच जवळचा दुसरा प्लग कॅपला लावला, हेडला टेकवून धरला आणि किक मारली. (इंजिनातला प्लग तसाच राहू द्यावा, काढलेल्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि शेजारीच ठिणगी.) निळी, कडक ठिणगी हवी होती. आली ती पिवळट, बारीक, कधी कधी तीही नाही.

रात्री दिवे मालवून पॉइंटचं झाकण काढलं आणि इंजिन चालू केलं. थंड असताना पॉइंटमध्ये क्वचित एखादी बारीक चमक दिसते, तेवढीच होती. मग केस वाळवायचा ड्रायर आधी कॉइलवर (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या वेटोळ्यावर) धरला, कारण तापल्यावर कॉइलही दगा देते. काही फरक नाही. मग ड्रायर पॉइंटला जोडलेल्या कंडेन्सरकडे वळवला. पाच मिनिटांत पॉइंटमध्ये जाड, निळसर ठिणग्या तडतडू लागल्या आणि ठोका चुकला! पॉइंट उघडताना विजेला क्षणभर सामावून घेणं हे कंडेन्सरचं काम. तो फुटका निघाला की ती पॉइंटमध्येच उडते, कॉइलमधलं चुंबकत्व झटक्यात कोसळत नाही आणि प्लगला मिळतो तो उरलासुरला करंट. पॉइंट बाहेर काढून बघितले, तर एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर बरोबर त्या मापाचं टोक.

गंमत म्हणजे हाच कंडेन्सर मी आधी मीटरवर तपासला होता. 0.21 मायक्रोफॅरॅड, अगदी नव्यासारखा. पण मीटर त्याला देतो जेमतेम काही व्होल्ट, तोही थंड असताना. पॉइंट उघडताना त्याच्यावर 200 व्होल्टच्या वर येतात.

जुना कंडेन्सर तारेसकट सोडवला. नुसता नवा जोडून भागत नाही, गळका तिथेच राहिला तर करंट त्यातून पळतो. नवा बसवला टाकीखाली, कॉइलशेजारी, इंजिनच्या उष्णतेपासून लांब. अर्थसाठी फ्रेमचा रंग धातू दिसेपर्यंत खरवडला. पॉइंटही नवे घातले, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) 0.38 मिलिमीटर फट ठेवली, आणि पॉइंट बदलले की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हलतंच, म्हणून तेही पुन्हा लावलं. नीडल मूळ खाचेत.

परवा सलग दोन तास चालवली. चालू गाडीतच क्लच दाबून एकदम स्विच बंद केला आणि प्लग काढून बघितला: बिस्किटी रंग, म्हणजे पेट्रोल नीट जळतंय. एक काम मात्र मीच वाढवून ठेवलंय. टाकी पूर्ण भरून जोरात ब्रेक मारला की झाकणाच्या त्या मोठ्या भोकातून पेट्रोल उसळतं आणि टाकीचा रंग खातं.