तुम्ही विचारलंत म्हणून: त्या मुक्या दरोड्यात बघायचं तरी काय?

आवाज नाही, गोष्ट पाठ झालेली, मग ते जुने मुके काउबॉयपट तुम्ही पुन्हा पुन्हा काय बघता? ओळखीतलं कुणी ना कुणी हे विचारतंच. एरवी मी हसून विषय टाळते. पण खरं सांगू का, मी त्यांतली शिवण बघते.

'द ग्रेट ट्रेन रॉबरी' घ्या. एडिसनच्या कंपनीसाठी एडविन पोर्टरनं १९०३ मध्ये काढलेला, जेमतेम बारा मिनिटांचा. पहिल्याच दृश्यात दरोडेखोर तारमास्तरच्या खोलीत घुसतात आणि मागच्या खिडकीत गाडी येऊन थांबते. खोली म्हणजे स्टुडिओतला सेट, गाडी मात्र खरी. खिडकीपुरती फिल्म कोरी ठेवून गाडी तिथे वेगळी टिपलेली आहे. पिस्तुलं रोखली जात असतात आणि माझं लक्ष त्या खिडकीवर.

एकदा आई शेजारी येऊन बसली. इंजिनामागच्या कोळशाच्या ढिगावर मारामारी चाललेली. एकानं दुसऱ्याच्या डोक्यात कोळशाचं ढेकूळ घातलं आणि उचलून गाडीखाली भिरकावलं. "अगं, बाहुला फेकला की त्यानं!" आई हसत सुटली. बरोबर पकडलंन. कॅमेरा मधेच थांबवून माणसाच्या जागी बाहुला ठेवलाय. मग म्हणाली, "आणि हे सगळे एवढे तुरुतुरु काय पळतायत?" यात नटांचा काही दोष नाही. कॅमेरा हातानं फिरवायचे, सेकंदाला साधारण सोळा-अठरा चित्रं. तेच आपण चोवीसच्या वेगानं दाखवलं की चालणारा माणूस पळायला लागतो. योग्य वेगात बघा, घोडे चांगले वजनदार वाटतात.

हा सगळा 'वेस्ट', म्हणजे काउबॉयांचा तो अमेरिकेतला पश्चिमेकडचा मुलूख, घडलाय कुठे, तर न्यूयॉर्कच्या शेजारी, न्यू जर्सीत! पण तेव्हाच्या प्रेक्षकांना गाडीवरचा दरोडा ही जुनी दंतकथा नव्हती. बुच कॅसिडीच्या टोळीनं वायोमिंगमध्ये गाडी लुटली ती १८९९ मध्ये, म्हणजे अवघ्या चार वर्षांपूर्वी. पडद्यावर वर्तमानपत्रच हलत होतं म्हणा ना.

माझा लाडका मात्र यातला एक नट, गिल्बर्ट अँडरसन. घोड्यावर बसता येतं अशी थाप मारून आला आणि घोड्यानं पाडला, असं सांगतात. मग त्याच्या वाट्याला पायी करायची कामं आली: पळता पळता गोळी खाणारा प्रवासी, आणि पायाशी गोळ्या झाडून ज्याला नाचवतात तो शहरी पाहुणा. हाच गडी १९०७ मध्ये भागीदारीत एसने नावाची चित्रपट कंपनी काढतो, पुढे 'ब्राँको बिली' म्हणून पडद्यावरचा पहिला काउबॉय स्टार होतो, कॅलिफोर्नियातल्या नाइल्स गावी छोटे छोटे काउबॉयपट धडाधड काढतो. १९५८ मध्ये त्याला मानद ऑस्कर मिळालं. घोड्यावरून पडलेल्याला!

शेवटी दरोडेखोरांचा म्होरक्या थेट आपल्यावर पिस्तूल रोखून गोळ्या झाडतो. त्याचा गोष्टीशी काही संबंध नाही. हा तुकडा सुरुवातीला लावा नाहीतर शेवटी, तुमची मर्जी, असं कंपनीच्या कॅटलॉगमध्येच छापलं होतं. हे आईला सांगितलं तर म्हणाली, "मग सुरुवातीलाच लावायचा की. मला मधे डुलकी तरी लागली नसती."