भाजणीच्या चकलीचं लेबल: चौथा खर्डा आणि तोवरचं शिकणं

काल संध्याकाळी लेबलाचा चौथा खर्डा छापून आणला आणि मावशीच्या डब्यावर चिकटवून बघितला. आधीचे तीन माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर ओळीने लावलेत. डिझाइन शिकायला लागून पाच महिने झाले आणि त्यातला जवळजवळ निम्मा वेळ या ९ बाय ६ सेंटिमीटरच्या कागदाने घेतला. त्याआधी कॉलेजच्या वृक्षारोपणाचं पोस्टर केलं, मैत्रिणीच्या ताईच्या साखरपुड्याचं आमंत्रण केलं. ती कामं झाली आणि मागे पडली. लेबलाचं तसं नाही, ते रोज कुणीतरी हातात घेऊन वाचणार आहे. मराठी अक्षरांवर नव्याने काम करणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून नोंद जरा सविस्तर लिहितेय.

मावशी सांगलीत घरूनच फराळाचं करून देते. तिचं म्हणणं दोनच गोष्टींचं होतं: नाव लांबून वाचता आलं पाहिजे आणि चकली चकलीसारखी दिसली पाहिजे. लेबलावर मोठ्या अक्षरात ‘भाजणीची चकली’, खाली बारीक ओळ ‘घरच्या सोऱ्यातली’. काम इंकस्केप या रेखाचित्रं काढायच्या सॉफ्टवेअरवर केलं. ते फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवरही नीट चालतं.

पहिल्या खर्ड्यात मी इंग्रजी व्हिडिओंत पाहिलेलं जसंच्या तसं केलं. तिकडे मथळ्यातली अक्षरं एकमेकांपासून जरा लांब ठेवतात आणि ते खरंच छान दिसतं. मी ‘चकली’वर तेच केलं, तर शिरोरेषा तुटली. च, क, ली तिघं सुटी सुटी, अंकलिपीच्या पानावर असतात तशी. रोमन अक्षरं मुळातच सुटी असतात, त्यांच्यात हवा सोडता येते. आपला शब्द वरच्या रेघेला टांगलेला असतो. शब्द ऐसपैस हवा असेल तर अक्षराचा आकार वाढवायचा किंवा फाँटच रुंद घ्यायचा, अंतराला हात लावायचा नाही. ओळींमधल्या जागेचंही तेच. घटकांच्या यादीत मी फाँटच्या उंचीच्या १.१ पट अंतर ठेवलं होतं, तर ‘तांदूळ’चा दीर्घ ऊकार खालच्या ‘मीठ’च्या वेलांटीत घुसला. आता १.५ ठेवते. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते.

दुसऱ्या खर्ड्यासाठी ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या मुंबईच्या संस्थेचा ‘मोदक’ हा फाँट घेतला. गुबगुबीत अक्षरं, आतल्या पोकळ्या अगदी केसासारख्या बारीक. मोठ्या नावाला तो फार देखणा दिसला, म्हणून मी खालची ओळही त्यातच टाकली आणि छापल्यावर ती बुजली. ‘घरच्या’मधला घ नुसता काळा गोळा झाला. स्क्रीनवर मी ते सगळं चौपट मोठं करून बघत होते, हे तेव्हा लक्षात आलं. त्या दिवसापासून प्रत्येक खर्डा घरच्या प्रिंटरवर शंभर टक्के आकारात काढते आणि हातभर अंतरावर धरून वाचते. ही सवय मला शिकवणीतल्या कुठल्याही धड्यापेक्षा जास्त उपयोगी पडली.

मग ‘मुक्ता’ घेतला. तोही ‘एक टाइप’चाच, सात वजनांत म्हणजे बारीक ते ठळक अशा सात जाड्यांत मिळतो आणि त्यात रोमन अक्षरंही त्याच अंगाची आहेत. इथे ते महत्त्वाचं होतं. खाद्यपदार्थाच्या लेबलावरचा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावा लागतो, मराठी जोडीला चालते. म्हणजे दोन्ही लिप्या शेजारी शेजारी येणारच. शाकाहाराच्या हिरव्या खुणेचंही माप ठरलेलं आहे: १०० चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या दर्शनी भागाला ठिपक्याचा व्यास किमान ३ मिलिमीटर आणि भोवतीच्या चौकोनाची बाजू त्याच्या दुप्पट. माझं लेबल ५४ चौरस सेंटिमीटरचं, त्यामुळे ३ आणि ६. आधी मी ती खूण अंदाजाने कोपऱ्यात टाकली होती. माप कळल्यावर सगळी मांडणीच त्या चौकोनापासून सुरू केली: ६ मिलिमीटर हे एकक धरलं आणि समासही तेवढाच ठेवला. लेबल पहिल्यांदा शांत दिसलं ते तेव्हा.

तिसरा खर्डा बाहेर छापायला दिला आणि दोन गोष्टी बिघडल्या. दुकानातल्या मशीनवर माझा फाँट नव्हता, त्यामुळे ‘तिखट’ची वेलांटी त च्या पुढे जाऊन बसली. आता फाइल देण्याआधी सगळी अक्षरं पाथमध्ये, म्हणजे फाँट न लागणाऱ्या नुसत्या रेघांच्या आकारांत, बदलते, आणि बदलण्याआधीची प्रत वेगळी ठेवते, कारण नंतर त्यात अक्षर दुरुस्त करता येत नाही. दुसरं म्हणजे मी हौसेने तपकिरी क्राफ्ट स्टिकर निवडला होता. छपाईची शाई पारदर्शक असते, खालचा कागद तिच्यातून दिसतो. केशरी विटकरी झालं आणि हिरवी खूण शेवाळी. पांढऱ्या मॅट कागदावर तीच फाइल नीट आली.

चौथ्या खर्ड्यात मी सगळ्यात जास्त रमले ते एका अक्षरात. ‘चकली’ चा ल. बऱ्याच फाँटांत हिंदी वळणाचा ल येतो, उजवीकडे उभा दंड असलेला. त्याला दीर्घ वेलांटी लागली की शब्दाच्या शेवटी दोन उभ्या रेघा शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि ‘ली’ जड वाटते. मराठीचा पाकळीचा ल दंडाशिवाय असतो, दोन्ही बाजूंना पाकळ्या, आणि शेवटी वेलांटीची एकच रेघ. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात हाच पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मराठीसाठी प्रमाण ठरवला. ‘टिरो देवनागरी’ हा फाँट मराठी, हिंदी, संस्कृत अशा तीन वेगळ्या रूपांत मिळतो. त्यातलं मराठी रूप कित्त्यासारखं समोर ठेवलं आणि ‘मुक्ता’च्या जाडीत स्वतःचा ल काढला. दोन्ही फाँट मुक्त परवान्याचे आहेत, त्यामुळे अक्षरात फेरफार करायला अडचण नाही. पहिल्या प्रयत्नात आकाराच्या रेघेवर वळण ठरवणारे चोवीस बिंदू पडले आणि पाकळी ओबडधोबड झाली. कमी करत अकरावर आणले तेव्हा वळण बोरूने काढल्यासारखं सलग आलं. कमल शेडग्यांनी नाटकांसाठी काढलेली शीर्षकं मी या काळात पुन्हा पुन्हा बघत होते. शब्दाचा स्वभाव अक्षरात कसा उतरवायचा हे त्यांच्याइतकं कुणी दाखवलेलं मला तरी माहीत नाही.

‘सोऱ्यातली’ हा शब्द आता माझी चाचणी झालाय. त्यात ऱ्या आहे आणि ल सुद्धा. कुठलाही नवा फाँट घेतला की आधी हाच शब्द लिहून बघते. साधा र् टंकला तर रफार येऊन ‘सोर्यातली’ होतं, ते मराठी डोळ्याला लगेच खुपतं. ऱ्या साठी नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ वापरून मग हलन्त आणि य द्यावा लागतो.

राहिलं चकलीचं चित्र. इंकस्केपमधल्या चक्राकार रेघेच्या अवजाराने पटकन काढलं आणि मावशीला पाठवलं. तिचा फोन आला, “अगं, ही जिलबी आहे. काटे कुठायत हिचे?” मग तिच्याकडे गेले तेव्हा सोऱ्या हातात घेऊन बघितला. चकतीचं भोक चांदणीच्या आकाराचं, म्हणून पीठ धारदार कडा घेऊन खाली येतं आणि वळताना बाहेरच्या बाजूला त्या कडा फाटून काटे होतात. आतल्या बाजूला काटे दाबले जातात. मी आत-बाहेर सारखेच काढत होते. एक काटा काढून तो पाथच्या कडेने पसरवला, आतले निम्म्या उंचीचे केले आणि शेवटचं टोक चिमटीने दाबल्यासारखं चपटं केलं. हे चित्र बघून मावशी म्हणाली, “हां, ही आपली.”

१२ बाय १८ इंची शीटवर, कापायला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जादा रंग धरून, १८ लेबलं बसतात. दोन शीट छापायला दिल्यात. पुढचं लेबल शेवेचं आहे, आणि काल रात्रीपासून देठाचा श गिरवायला घेतलाय. देठ पुरेसा जाड ठेवला तर खालची गाठ मिटते, बारीक ठेवला तर ‘व’ शेजारी तो उपाशी दिसतो. सात पानं भरलीत, त्यातला पाचव्या पानावरचा एक बरा वाटतोय.