पेशी जिवंत आहेत का?

चिकनगुनियावर एक औषध चालतं का, ते पेशींवर तपासतेय. आज छोट्या खान्यांची प्लेट धुतली; ती क्रिस्टल व्हायोलेटने रंगवलेली, हा जांभळा रंग शाबूत पेशींच्या थरालाच चढतो. औषध नसलेल्या खान्यांत जांभळ्या थरावर पांढरे ठिपके पसरलेले. हे प्लाक, म्हणजे चिकनगुनियाच्या विषाणूने जिथे जिथे व्हेरो पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माकडाच्या पेशी) मारल्या त्या जागा. औषधाची मात्रा वाढत गेली तसे ठिपके विरळ होत गेले, आणि सगळ्यात मोठ्या मात्रेच्या खान्यात एकही नाही.

"ताई, हे तर पूर्ण काम करून राहिलं!" आमची ज्युनियर आनंदाने म्हणाली. मी तिला शेजारचे, विषाणू न घालता फक्त औषध घातलेले खाने दाखवले. तिथेही जांभळा रंग फिका पडलेला, कडेने थर उखडलेला. त्या मात्रेला पेशीच मरताहेत, मग विषाणू वाढणार कशात? औषध ज्यात विरघळवतो त्या नुसत्या डीएमएसओच्या खान्यात मात्र थर शाबूत होता. म्हणजे दोष औषधाचाच. प्लाक निम्मे करणारी मात्रा आणि निम्म्या पेशी मारणारी मात्रा यांत अंतर किती, ते खरं मोलाचं. मधल्या मात्रांत पेशी धड आहेत आणि प्लाकही कमी आहेत. माझी आशा तिथे आहे.

२०२४ च्या पावसाळ्यात नागपुरात घरोघरी हा ताप होता. तिथल्या महाल भागातल्या माझ्या आत्याची सकाळी अजून मूठ वळत नाही. "औषध सापडलं का गं?" ती दर वेळी विचारते. चिकनगुनियावर मंजूर झालेलं एकही अँटिव्हायरल नाही, म्हणूनच मला तिला घाईने काही सांगायचं नाही. मलेरियावरच्या क्लोरोक्विननेही पेशींत हा विषाणू रोखला होता. २००६ च्या साथीत हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर ते रुग्णांना देऊन पाहिलं, तापात फरक पडला नाही. उलट काही महिन्यांनी सांधेदुखीची तक्रार ते घेतलेल्यांतच जास्त निघाली. २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी पुन्हा तेच. व्हेरो पेशींत गुण दिसला, माणसाच्या फुफ्फुसाच्या पेशींत नाही, कारण तिथे विषाणू वेगळ्या वाटेने आत शिरतो. व्हेरो पेशी शेवटी आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातल्या, १९६२ पासून वाढवत आणलेल्या. त्या स्वतः इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूला अडवणारं प्रथिन, बनवत नाहीत, त्यामुळे त्यांच्यात विषाणूला मोकळं रान.

तेव्हा पुढची प्लेट माणसाच्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतकाच्या, पेशींची. मात्रा फक्त मधल्या, जवळजवळच्या. आणि औषध विषाणूसोबत न घालता काही तासांनी घालायचं; रुग्ण आपल्याकडे ताप चढल्यावरच येतो. पेशी किती जिवंत आहेत ते मोजणारी एमटीटीची प्लेट सोबत लावायची आहे. पेशी उद्या सकाळीच पसरून ठेवते.