लॅरी होम्सने हरवले तरी कोणाला?

अमेरिकन बॉक्सर लॅरी होम्सचे नाव निघाले की एक आक्षेप हमखास पुढे येतो. त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, अप्रतिम होता, जिद्दही वाखाणण्याजोगी होती, हे सगळे कबूल; पण त्याने हरवले तरी कोणाला? जो फ्रेझर आणि जॉर्ज फोरमन हे आधीचे विजेते रिंगणाबाहेर गेलेले, मुहम्मद अली थकल्यावर त्याच्या वाट्याला आलेला, आणि उरलेल्या सामान्य मंडळींवर त्याने 1978 ते 1985 अशी सात वर्षे हेवीवेट या सर्वांत वजनदार गटात राज्य केले, असा या आक्षेपाचा सूर असतो. मला तो मान्य नाही. प्रतिस्पर्ध्याचे मोल आपण त्याच्या नावाच्या वजनावरून किंवा त्या दिवसापर्यंतच्या हार-जितीच्या आकड्यांवरून ठरवून मोकळे होतो. खरे तर तो माणूस त्या रात्री रिंगणात काय करू शकत होता, हे पाहायला हवे, आणि त्याचा पुरावा त्याच्या लगतच्या आधीच्या आणि लगतच्या नंतरच्या लढतींत मिळतो. ही कसोटी लावली की होम्सच्या विजयांची उतरंड पार उलटीपालटी होते.

2 ऑक्टोबर 1980 रोजी लास व्हेगासमध्ये झालेली अलीविरुद्धची लढत घ्या. होम्सच्या यादीतले हे सर्वांत मोठे नाव आणि माझ्या हिशेबी सर्वांत हलका विजय. अली 38 वर्षांचा होता आणि दोन वर्षे तो एकही लढत खेळलेला नव्हता. वजन उतरवून तो आरशात देखणा दिसू लागला होता, पण थायरॉइडचे औषध चुकीच्या पद्धतीने घेतल्यामुळे अंगात त्राण उरले नव्हते. तिन्ही गुणलेखकांनी दहाच्या दहा फेऱ्या होम्सला दिल्या आणि अखेर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने लढत थांबवली. ज्या अलीबरोबर उमेदवारीच्या काळात सराव केला त्यालाच असे मारावे लागले म्हणून होम्स नंतर रडला. या विजयाने होम्सची थोरवी तसूभरही वाढत नाही, आणि त्याची बाजू मांडणाऱ्यांनी तो पुराव्यादाखल पुढे करूच नये.

आता माइक वीव्हर. जून 1979 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होम्सची त्याच्याशी गाठ पडली, तेव्हा वीव्हरच्या खात्यावर पराभवांची बरीच भर पडलेली होती आणि असल्या माणसाला जगज्जेतेपदाची संधी मिळतेच कशी, असा सगळ्यांचा सवाल होता. प्रत्यक्षात वीव्हरने होम्सच्या नाकी नऊ आणले. लढतीच्या मधल्या फेऱ्यांत होम्स हेलकावत होता. अकराव्या फेरीच्या अखेरीस त्याने अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, लगावून वीव्हरला खाली पाडले आणि बाराव्या फेरीत लढत संपवली. तेव्हा निष्कर्ष निघाला तो असा की, होम्स इतका सामान्य आहे की वीव्हरसारखाही त्याला छळतो. पुढे 31 मार्च 1980 रोजी नॉक्सव्हिलमध्ये वीव्हर डब्ल्यूबीए या जागतिक संघटनेचा विजेता जॉन टेट याच्याशी लढला. टेटचे ते घरचे मैदान, गुणांतही टेटच पुढे, आणि पंधराव्या फेरीचे शेवटचे मिनिट चालू असताना वीव्हरच्या डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, टेट असा कोसळला की पंचाची दहापर्यंतची गणती संपेपर्यंत तो हललाही नाही. होम्सकडून हरल्यानंतरच्या नऊ महिन्यांत वीव्हर काही नव्याने जन्माला आला नव्हता. तो आधीपासूनच तेवढा धोकादायक होता. आकड्यांच्या मागे दडलेला तो धोका बघणाऱ्यांना दिसला नाही, एवढेच.

वीव्हर एकटाच असता तर त्याला अपवाद म्हणून सोडून देता आले असते. पण एप्रिल 1981 मध्ये ट्रेव्हर बर्बिक होम्ससमोर पंधरा फेऱ्या टिकला आणि 1986 मध्ये पिंकलन थॉमसला हरवून डब्ल्यूबीसी या दुसऱ्या संघटनेचा विजेता झाला. मे 1983 मध्ये टिम विदरस्पून होम्सकडून विभागलेल्या निकालाने, म्हणजे तीनपैकी दोनच गुणलेखकांच्या कौलाने, हरला आणि पुढच्याच मार्चमध्ये त्याने ग्रेग पेजला हरवून डब्ल्यूबीसीचा रिकामा किताब मिळवला. नोव्हेंबर 1984 मध्ये बाराव्या फेरीत होम्ससमोर गारद झालेल्या जेम्स ‘बोनक्रशर’ स्मिथने डिसेंबर 1986 मध्ये त्याच विदरस्पूनला पहिल्याच फेरीत लोळवून डब्ल्यूबीएचा पट्टा घेतला.

यावर दोन प्रत्युत्तरे दिली जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. त्या काळात किताबाचे आधी दोन आणि मग तीन तुकडे झाले होते, त्यामुळे ‘पुढे विजेता झाला’ या शब्दांना पूर्वीची किंमत राहिली नव्हती, हे पहिले. दुसरे असे की, हे तिघे होम्ससमोर आले तेव्हा कच्चे होते. विदरस्पूनच्या पाठीशी तर जेमतेम पंधरा लढतींचा अनुभव होता. पहिला मुद्दा मी पूर्ण स्वीकारतो. बर्बिक किंवा स्मिथ यांना मी थोर म्हणणार नाही. दुसऱ्या मुद्द्याबाबत मात्र विदरस्पूनच्या लढतीची नववी फेरी बघावी, असे मी आग्रहाने सांगेन. विदरस्पूनच्या ठोशांनी होम्सचे पाय लटपटले होते, तो दोरांवर रेलला होता, आणि तिथून निव्वळ शहाणपणाच्या बळावर तो त्याच फेरीत सावरून उलट ठोसे मारू लागला. समोरचा माणूस कच्चा असता तर हे घडलेच नसते. त्या रात्रीचा विदरस्पून जगातल्या पहिल्या तीन-चार हेवीवेट बॉक्सरांत मोडत होता. फक्त ही गोष्ट अजून कोणाच्या ध्यानात आलेली नव्हती. निकाल त्याच्या बाजूने लागायला हवा होता, असे मानणारे आजही आहेत, आणि होम्सने त्याला पुन्हा संधी दिली नाही, हे मला आजही खटकते.

याच्या अगदी उलट उदाहरण जेरी कूनीचे. जून 1982 च्या होम्सविरुद्धच्या लढतीपूर्वी कूनी 25 लढतींत अजिंक्य होता आणि मे 1981 मध्ये त्याने केन नॉर्टनला अवघ्या 54 सेकंदांत संपवले होते. पण नॉर्टन, जिमी यंग आणि रॉन लाइल ही त्याने पाडलेली नावे मावळतीला लागलेल्यांची होती, आणि होम्ससमोर उभे राहण्यापूर्वी तो वर्षाहून अधिक काळ लढलाच नव्हता. अमेरिकेतल्या गोऱ्या प्रेक्षकांना आपला विजेता हवा होता, त्यातून त्याच्याभोवती मोठा फुगवटा तयार झाला. तरीही कूनीला टाकाऊ ठरवणे अन्यायाचे होईल. तेराव्या फेरीत लढत थांबली तेव्हा होम्स पुढे होता खरा, पण कमरेखाली मारल्याबद्दल कापलेले गुण परत दिले असते तर तीनपैकी दोन गुणलेखकांच्या कागदावर कूनी आघाडीवर असता.

आणि ज्या नॉर्टनकडून जून 1978 मध्ये होम्सने किताब घेतला, तो नॉर्टन अलीचा जबडा मोडणाऱ्या 1973 च्या नॉर्टनइतका ताजा नसला तरी पंधराव्या फेरीपर्यंत बरोबरीत होता. एका गुणाच्या फरकाने लागलेला तो निकाल त्या शेवटच्या फेरीवरच ठरला. होम्सचा सर्वांत मौल्यवान विजय कोणता, असे विचारले तर मी हाच सांगेन.

होम्सची तुलना ज्याच्याशी अटळपणे होते, त्या, अखेरपर्यंत अजिंक्य राहिलेल्या रॉकी मार्सियानोच्या 49 विजयांवरही हाच आक्षेप घेतात: जो लुई 37 वर्षांचा, वॉलकॉट 38 वर्षांचा, आर्ची मूर तर वयाचा पत्ताच न लागणारा. पण 1952 च्या त्या रात्री वॉलकॉटने मार्सियानोला पहिल्याच फेरीत पाडले होते आणि तेराव्या फेरीपर्यंत तो गुणांत पुढे होता. मूरने तर 1955 च्या पराभवानंतर आणखी काही वर्षे लाइट-हेवीवेटचे जगज्जेतेपद राखले. लुई मात्र खरोखर संपलेला होता. वय तेवढेच, पण मोल निराळे. होम्सच्या बाबतीत ही बारकाई मागणाऱ्याने ती मार्सियानोलाही लावली पाहिजे, आणि 1985 मध्ये मायकल स्पिंक्सकडून 48 विजयांनंतर पहिला पराभव पत्करल्यावर होम्सने मार्सियानोबद्दल जे अशोभनीय उद्गार काढले, त्यांचा राग या हिशेबात मिसळू नये.

होम्सच्या खात्यावरची खरी उधारी हरवलेल्यांच्या यादीत नाही. ज्यांच्याशी तो लढलाच नाही, त्यांच्या यादीत ती आहे. विदरस्पूनने घाम फोडल्यानंतरच्या दोन वर्षांत त्याची निवड स्पष्टपणे सावध झाली. नोव्हेंबर 1983 मध्ये त्याने जो फ्रेझरचा मुलगा मार्विस याच्याशी लढत घेतली, जो तोपर्यंत फक्त दहा लढती खेळला होता. ती पहिल्याच फेरीत आटोपली आणि डब्ल्यूबीसीने तिला किताबाची लढत म्हणून मान्यताही दिली नाही. ती धरली तरच होम्सने किताब 20 वेळा राखला, असे म्हणता येते. त्याच सुमारास पहिला दावेदार असलेल्या ग्रेग पेजशी लढण्याऐवजी, मानधनाच्या वादात, त्याने डब्ल्यूबीसीचा पट्टा सोडून आयबीएफ या नव्या संघटनेचा स्वीकारला. डब्ल्यूबीए विजेता गेरी कोट्झीशी ठरलेली 1984 ची लढत पैशांअभावी बारगळली, त्याचा दोष मी होम्सला देत नाही. पण पिंकलन थॉमसचे काय? 1984 आणि 1985 मध्ये जॅबच्या बाबतीत होम्सच्या तोडीस तोड ठरेल असा तोच एक माणूस होता, आणि त्याच्याऐवजी डेव्हिड बे आणि कार्ल विल्यम्स यांची निवड झाली.

हीच कसोटी होम्स स्वतः प्रतिस्पर्धी म्हणून उभा राहिला त्या रात्रीलाही लावून पाहावी. जानेवारी 1988 मध्ये माइक टायसनने त्याला चौथ्या फेरीत नॉकआउट केले, तेव्हा होम्सही 38 वर्षांचा होता आणि जवळपास दोन वर्षे रिंगणाबाहेर होता. त्यामुळे टायसनच्या या विजयाला बहुतेक जण अलीवरच्या विजयाच्याच पंक्तीला बसवतात. पण अलीने त्यानंतर बर्बिककडून आणखी एक पराभव घेऊन हातमोजे उतरवले, तर होम्सने फेब्रुवारी 1992 मध्ये, 42 वर्षांचा असताना, ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या आणि तोवर अजिंक्य असलेल्या रे मर्सरला गुणांवर हरवले आणि त्याच वर्षी इव्हँडर होलीफील्डसमोर बाराही फेऱ्या उभा राहिला. 75 लढतींच्या कारकिर्दीत त्याला मुदतीआधी संपवणारा टायसन हा एकमेव माणूस आहे. टायसनच्या त्या विजयाला आज मिळते त्याहून बरेच जास्त श्रेय मिळायला हवे, असे माझे मत आहे.