एकशे आठ मणी

स्पॅनिशच्या वर्गात बाईंनी पहिल्या दिवशी फळ्यावर तीन शब्द लिहिले. आब्लार, कोमेर, बिबीर. बोलणे, खाणे, राहणे. परक्या गावात नव्याने आलेल्या माणसाला आणखी काय लागतं? मी वहीत उतरवून घेतले आणि मनात म्हटलं, चला, पाहुणचार तरी नीट आहे.

पुढे कधीतरी लेकीच्या घरी स्पॅनिश अकादमीचा कोश चाळताना गंमत कळली. ही तीन क्रियापदं आमच्यासारख्या उपऱ्यांसाठी असतात. कोशात मात्र नियमित क्रियापदं कशी चालवायची याचे नमुने म्हणून दिलेत ते आमार, तेमेर आणि पार्तीर. प्रेम करणे, भिणे, आणि वाटून टाकणे. या शेवटच्याचा निघून जाणे असाही अर्थ होतो. म्हणजे पाहुण्याला बोला, खा, राहा, आणि घरच्या माणसाला प्रेम करा, भ्या आणि निघा. कोशकारांच्या मनात असं काही नसणार. त्यांना आर, एर आणि ईर अशा तीन शेपट्यांचे तीन नमुने हवे होते, एवढंच.

मी माद्रिदला लेकीकडे सहा महिने राहायला आले तेव्हा स्पॅनिश शिकायचा मुळीच विचार नव्हता. पण सकाळी घर रिकामं व्हायचं आणि मी भिंतींशी मराठीत बोलायला लागायचे. मग लेकीनंच लावापिएस भागातला हा वर्ग शोधून दिला. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका, फी नाही, वर्गात आम्ही नऊ जण. दोन बांगलादेशी मुलं (लावापिएसमध्ये बंगाली बोलणं पावलोपावली कानावर पडतं), एक सेनेगलचा, दोन चिनी बहिणी, बाकी इकडचे तिकडचे, आणि साठी उलटलेली मी.

क्रियापद 'चालवणे' हा आपला शब्दप्रयोग मला फार आवडतो. शाळेत आपण देव चालवला, माला चालवली, पठ् धातू चालवला. घोडा चालवावा, घर चालवावं, तसा धातू. फळ्यावर बाईंनी आब्लार चालवायला घेतलं आणि मी एकदम आठवीच्या वर्गात जाऊन बसले.

आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान.

मी बोलते, तू बोलतोस, तो बोलतो, आम्ही, तुम्ही, ते. दुसऱ्यांदा म्हणताना कान टवकारले. 'तू'ला स्पॅनिशमध्येही तूच म्हणतात. आणि तूच्या क्रियापदाला शेवटी स. तू आब्लास, तू बोलतोस. संस्कृतातलं पठसि आठवलं. मग आब्लामोसच्या शेजारी पठामः नेऊन ठेवलं, आब्लानच्या शेजारी पठन्ति. वर्गातल्या बाकीच्यांना हे नवीन शेत होतं, मला मात्र जुन्या वाड्यात चुलतभावंडं भेटावीत तसं झालं. ही नुसती कल्पना नव्हे. लॅटिन आणि संस्कृत या एकाच कुळातल्या, आणि स्पॅनिश लॅटिनची लेक. फक्त तिच्या घरात द्विवचन नाही, त्याबद्दल मी मनोमन तिचे आभार मानले.

आब्लार हा शब्द स्वतःच मजेशीर आहे. लिहिताना त्याच्या सुरुवातीला ह असतो, पण तो कोणी म्हणत नाही. मूळ लॅटिन फाबुलारी, म्हणजे गप्पा मारणे. गोष्टीला जो फाबुला शब्द आहे त्यातून आलेला. स्पेनमध्ये फचा ह झाला, पुढे तो ह पण गप्प झाला. बोलणे या क्रियापदाचं पहिलंच अक्षर मुकं! पोर्तुगीजांनी फ सोडला नाही, त्यांचं फालार. गोव्यातल्या पोर्तुगीज येणाऱ्या जुन्या माणसांच्या तोंडी तुम्ही ऐकलं असेल, तर हे त्याचंच भावंड.

आता बिबीर. हा शब्द लिहितात व काढून, पण म्हणतात ब. स्पॅनिशमध्ये या दोन अक्षरांचा उच्चार एकच. आम्ही सगळे आठवडाभर 'विविर, विविर' करत होतो आणि बाई मान हलवत होत्या. दोघा बंगाल्यांचा उच्चार मात्र पहिल्या दिवसापासून अचूक.

लेकीनं एक तक्ता छापून फ्रिजवर चिकटवला होता. एका दुपारी भाजी निवडून झाल्यावर त्यातले खाने मोजले. निश्चयार्थाचे (जे घडतं ते सांगायचे) दहा काळ, आणि ज्याला ते सुबखुंतीबो म्हणतात (जे घडावं असं वाटतं ते सांगायची रूपं) त्याच्या, दुहेरी रूपं वेगळी धरून, आठ ओळी. अठरा ओळी, प्रत्येकीत सहा रूपं. अठरा सक एकशे आठ. आज्ञार्थ वेगळाच. मी पुन्हा मोजले. एकशे आठच. जपमाळेचे मणी. तेव्हापासून मी सकाळचा चहा उकळेपर्यंत एक ओळ ओढायला लागले. जावई विचारायचा, आई काय पुटपुटतायत? लेक म्हणायची, जप.

माळेतले सगळे मणी वापरात नाहीत, हे हळूहळू कळलं. सुबखुंतीबोचा भविष्यकाळ तर बोलण्यातून केव्हाच गेला. राहिला तो कायद्याच्या कागदांत आणि म्हणींत. 'आदोंदे फुएरेस, आस लो के बिएरेस', जिथे जाशील तिथे जे पाहशील ते कर. आपलं देश तसा वेश. मेलेला काळ म्हणीत पुरलेला असतो, तसा. आणि 'तुम्ही'चा आब्लाइस हा मणी फक्त स्पेनचा. समुद्रापलीकडे, मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत, तो कोणी ओढत नाही. तिथे शिकणाऱ्याचे एका झटक्यात अठरा मणी वाचतात.

रूपं पाठ झाली म्हणजे बोलता येतं, हा गैरसमज औषधाच्या दुकानात उतरला. गुडघ्यासाठी मलम हवं होतं. दुकानातली मुलगी भराभर काहीतरी विचारायला लागली तेव्हा मी तयार वाक्य टाकलं, मला स्पॅनिश बोलता येत नाही. नो आब्लो एस्पान्योल. मुलगी थबकली, माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि म्हणाली, 'किएन?' कोण?

मागे कोणी नव्हतं. घरी आल्यावर उलगडा झाला. आब्लो म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर दिला तर 'मी बोलते', आणि शेवटच्या ओवर दिला तर 'तो बोलला'. मी घाईत शेवटी जोर देऊन 'तो स्पॅनिश बोलला नाही' अशी कुणा अदृश्य माणसाची तक्रार केली होती. लिहिताना तिथे ओच्या डोक्यावर एक बारीकशी रेघ मारतात. माझ्या वहीत मी सगळं देवनागरीत उतरवलेलं, तिथे दोन्ही आब्लो जुळे! मग पुढच्याला अवग्रह लावला : आब्लोऽ. इतक्या वर्षांनी त्या चिन्हाला काम मिळालं.

वर्गात सगळ्यांची खरी दांडी उडाली ती दोन भूतकाळांवर. आब्ले आणि आब्लाबा. दोन्ही भूतकाळच, मग दोन कशाला, असा चिनी बहिणींपैकी थोरलीचा प्रश्न होता. तिच्या भाषेत क्रियापद एकदा बसलं की हलतच नाही. बाईंनी फळ्यावर रेघ काढली, रेघेवर ठिपका काढला, पुन्हा लांब लाटेसारखी रेघ काढली. कुणाला काही कळेना. मी मात्र निवांत होते. आब्ले म्हणजे बोलले, आब्लाबा म्हणजे बोलायचे. आपण दिवसभर करतो तो फरक. शाळेत त्याला रीतिभूतकाळ म्हणत आणि उदाहरण असे, तो रोज देवळात जात असे.

दोन्ही वापरून घरच्या माणसाबद्दल चार ओळी लिहून आणायच्या होत्या. मला दोनच जमल्या. बाबा कमी बोलायचे. एक दिवस बोलले. बाई वाचून थांबल्या. म्हणाल्या, काय बोलले? मला बँकेत लागून दोन वर्षं झाली होती, बदली नागपूरला आली, आणि घरात सगळ्यांनी एकसुरात नोकरी सोड म्हणून सांगितलं. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, 'जाऊ दे तिला.' हे सगळं सांगायला लागणारे काळ मला अजून आले नव्हते. मी हातानं पेपर खाली ठेवून दाखवला. बाईंनी दुसऱ्या ओळीतल्या आब्लोऽवरची सुटलेली रेघ लाल शाईनं मारली आणि वही परत दिली.

सुबखुंतीबोला इथे शिकणारे वाघाला भ्यावं तसे भितात. सेनेगलचा मुलगा फ्रेंच येत असल्यामुळे सगळ्यांच्या पुढे धावत होता, तोही इथे गंभीर झाला. नियम साधा आहे, आर वाल्यांच्या आचा ए करायचा, एर आणि ईर वाल्यांना आ द्यायचा. आब्लाचं आब्ले, कोमेचं कोमा. पण हे करायचं कधी? जे घडतंय ते सांगताना नाही, जे घडावं असं वाटतं ते सांगताना. बाई हे समजावत होत्या आणि माझ्या डोक्यात विध्यर्थ, विध्यर्थ अशी घंटा वाजत होती. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. मला वाटतं तो बोलतो. त्यानं बोलावं असं मला वाटतं. झालं की!

बरं, एवढ्यावर भागत नाही. आदराच्या 'तुम्ही'ला त्यांच्याकडे उस्तेद म्हणतात. मूळ 'बुएस्त्रा मेर्सेद', आपली कृपा. झिजून झिजून उस्तेद झालेलं. कृपेशी बोलायचं म्हणून क्रियापद तृतीयपुरुषी. आणि अशा माणसाला आज्ञा थोडीच करणार? तिथे सुबखुंतीबो येतो. कोमा उस्तेद. आपण खावं. मला पंगत दिसायला लागली. 'काकूंनी आणखी एक घ्यावी', 'पाहुण्यांनी संकोच करू नये'. समोर बसलेल्या माणसाशी तो तिसराच कोणी असल्यासारखं बोलायचं, आणि हुकमाऐवजी इच्छा पुढे करायची. माद्रिदच्या आणि आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात हे एकच कसं शिजलं कोण जाणे. गर्व फार टिकला नाही म्हणा. 'तो बोलेल तेव्हा' याला आपण सरळ भविष्यकाळ लावतो, त्यांना तिथेही सुबखुंतीबो लागतो. लाल शाई वाढली.

त्यांचा भविष्यकाळ कसा झाला हे कळल्यावर मात्र मी खूश झाले. आब्लारे म्हणजे आब्लार अधिक 'ए', जवळ असणे या क्रियापदाचं रूप. बोलणं माझ्याकडे बाकी आहे, म्हणून बोलेन. मला बोलायचंय, हे आपलं वाक्य तसंच बांधलेलं. हे नेब्रिहा नावाच्या पंडितानं १४९२ सालीच आपल्या व्याकरणात नोंदवून ठेवलं आहे. कोलंबस निघाला तेच साल. प्रस्तावनेत तो लिहितो, सालामान्काला राणी इसाबेलला हे काम दाखवलं तेव्हा तिनं विचारलं, याचा उपयोग काय? ज्या भाषेत आपण जन्मल्यापासून बोलतो तिचं व्याकरण कशाला, असा तिचा रोख असावा. उत्तर नेब्रिहाला देऊच दिलं नाही. आविलाचे बिशप मध्येच बोलले, की तुम्ही जिंकाल त्या लोकांना तुमचे कायदे समजायला ही भाषा शिकावी लागेल. मला राणीचा प्रश्न जास्त आवडला.

एकदा बाईंनी उलटं केलं. प्रत्येकानं आपल्या भाषेतलं 'खाल्लं' फळ्यावर चालवून दाखवायचं. कोमी, कोमीस्ते, कोमियोऽ, अशी त्यांची सुबक सहा रूपं, मग तोंडात घास कसलाही असो. मी खडू घेऊन उभी राहिले आणि विचारलं, काय खाल्लं? बाई म्हणाल्या, काहीही. मी म्हटलं, काहीही चालत नाही. पाव असेल तर खाल्ला, पोळी असेल तर खाल्ली, केळं असेल तर खाल्लं. खाणारा कोण याच्याशी क्रियापदाला फारसं देणंघेणं नाही, ते घासाकडे बघतं. आणि 'बोलते' म्हणायचं तर बोलणारा बाई की बुवा ते आधी सांगा. तुम्ही हा लेख वाचायला घेतलात आणि मी बाई आहे हे तुम्हाला तिसऱ्या परिच्छेदातल्या 'आले'पाशी कळलं असेल. आब्लो नुसतं म्हटलं असतं तर कळलं नसतं. बंगाली मुलं हसायला लागली, त्यांच्याकडेही क्रियापदाला लिंग नाही. बाईंनी फळा पुसला. म्हणाल्या, आमचं सोपं आहे, आमचंच शिकू या.

नात पाच वर्षांची. तिचे खेळ निम्मे स्पॅनिशमध्ये, निम्मे मराठीत. निघायच्या आदल्या रविवारी तिनं सोफ्यावर दुकान मांडलं, दोन टोमॅटो, लसणाचा गड्डा, माझा चष्मा. आणि मला नेमणूक दिली, 'तू कोम्प्राबास, यो बेंदीआ.' मी चमकले. हा तर रीतिभूतकाळ. तू विकत घ्यायचीस, मी विकायचे. अजून काहीच घडलेलं नाही आणि भूतकाळ? लेकीला विचारलं. म्हणाली, इथे सगळी मुलं खेळ लावताना असंच बोलतात. मग आपली भातुकली आठवली. 'तू बाजारात जायचंस, मी पोळ्या करायच्या हं.' तेच यचं, तेच यचे.

मी टोमॅटो उचलला, नाकाशी नेला, महाग आहे म्हणाले. घासाघीस तिला मान्य नव्हती.

'आजी, तू पागाबास.' तू पैसे द्यायचीस.

मी दिले.